आज रात्री पासवर्ड बदलू नकोस

पत्र:

ताई, नमस्कार. मी ३४ वर्षांची, लग्नाला ११ वर्षं झाली, मुलगी तिसरीत आहे. एका पतसंस्थेत नोकरी करते. गेल्या दिवाळीत ह्यांनी मला नवीन मोबाईल घेतला. जीमेल, व्हॉट्सॲप सगळं स्वतःच सुरू करून दिलं. तेव्हापासून ह्यांना माझं सगळं कळतं. बहिणीला व्हॉट्सॲपवर लिहिलेलं एक वाक्य ह्यांनी रात्री जेवताना जसंच्या तसं म्हणून दाखवलं. एका शुक्रवारी ऑफिसातून लवकर निघून डॉक्टरांकडे गेले, तर घरात पाऊल टाकताच विचारलं, "दवाखान्यात काय काम होतं?" मोबाईलला लॉक लावला की म्हणतात, "लपवण्यासारखं काय आहे?" दोनदा हात उचलला, दोन्ही वेळा मोबाईलवरूनच. आई म्हणते, नवराच आहे, बघितला मोबाईल तर काय बिघडलं. मला भास होतात का, ताई? की आज रात्रीच सगळे पासवर्ड बदलून टाकू? हे ऑफिसातल्या मैत्रिणीच्या फोनवरून लिहिते आहे. मला फोन, मेल काही करू नका. उत्तर सदरातच द्या.
– तुमच्या लेकीसारखी

उत्तर:

लेकी,

तुला भास होत नाहीत. आधी हे वाच, मग पुढचं.

मैत्रिणीच्या फोनवरून लिहिलंस ते फार बरं केलंस. हे उत्तरही तिच्याच फोनवर वाच, घरी उघडू नकोस. गाव, वय, नोकरी असे ओळख पटणारे तपशील मी बदलले आहेत, प्रसंगांचा गाभा तेवढा ठेवला आहे. आणि तू पत्रात "ह्यांनी" लिहिलंस, मी मात्र "तो" लिहिणार आहे.

आज रात्री पासवर्ड बदलू नकोस. काही वर्षांपूर्वी माझ्या एका मैत्रिणीनं मला हेच विचारलं होतं. मी तिला म्हटलं, वाट कसली बघतेस, सगळं बदलून टाक. तिनं बदललं. दहा मिनिटांत नवऱ्याच्या लॅपटॉपवरचं तिचं खातं बंद झालं, तसं त्याला कळलं. रात्री साडेअकराला तिला लेकरासकट दाराबाहेर काढलं, हातात पर्सही नव्हती. तिची काही चूक नव्हती. सल्ला घाईचा होता, आणि तो माझा होता. पासवर्ड बदलणं योग्यच असतं, पण कधी आणि कशानंतर, यावर सगळं अवलंबून असतं. ज्या माणसानं मोबाईलवरून हात उचलला आहे, त्याच्या हातून मोबाईलवरचा ताबा सुटतो तेव्हाच तो सगळ्यात जास्त धोकादायक होतो. म्हणून एक एक दार बंद करण्याआधी तुझी बाहेर पडायची वाट तयार हवी.

आता तुझं पत्र मी तीनदा वाचलं ते एका गोष्टीसाठी. त्याला काय काय कळलं, आणि काय कळलं नाही? बहिणीला लिहिलेलं वाक्य कळलं. तू कुठे होतीस ते कळलं. पण मैत्रिणीशी जेवणाच्या सुट्टीत तू या सगळ्यावर कितीदा तरी बोलली असशील, त्यातलं त्यानं कधी काही बोलून दाखवल्याचं तू लिहिलेलं नाहीस. यावरून माझा अंदाज असा की तो चोवीस तास तुझं बोलणं ऐकत नाही. त्याच्याकडे बहुधा दोन साध्या किल्ल्या आहेत, आणि दोन्ही त्यानं दिवाळीत तुझा फोन सुरू करून देतानाच करून घेतल्या.

पहिली किल्ली व्हॉट्सॲपची. तुझं व्हॉट्सॲप तुझ्या फोनशिवाय आणखी चार उपकरणांवर उघडता येतं. त्यासाठी तुझा उघडा फोन हातात घेऊन एकदा क्यूआर कोड स्कॅन केला की झालं, अर्ध्या मिनिटाचं काम. मग तुझे मेसेज त्याच्या लॅपटॉपवर दिसत राहतात, तुझा फोन बंद असला तरी. व्हॉट्सॲपच्या मेन्यूत "लिंक्ड डिव्हाइसेस" आहे. तिथे कुठली उपकरणं जोडलेली आहेत आणि ती शेवटची कधी चालू होती, ते दिसतं. उद्या ऑफिसात ते उघडून फक्त बघ. लॉगआउट दाबू नकोस, कारण दाबलंस की त्याच्या पडद्यावर ते लगेच दिसेल. मैत्रिणीला तिच्या फोननं त्या यादीचा फोटो काढायला सांग आणि मेन्यू बंद कर. तुझ्याच फोनवर स्क्रीनशॉट काढलास तर तो गूगल फोटोजमध्ये चढू शकतो आणि तिथून त्यालाही दिसू शकतो.

दुसरी किल्ली गूगलच्या खात्याची, आणि ती जास्त मोठी आहे. जीमेल त्यानं उघडून दिलं म्हणजे पासवर्ड त्याला माहीत आहे. पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाईल नंबरही बहुधा त्याचाच असेल. हे खातं ज्याच्या हातात, त्याला तुझा फोन हरवल्यावर शोधायच्या सोयीतून तू कुठे आहेस ते बघता येतं. त्याला तुझे फोटो दिसतात, क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड दिसतात, यूट्यूबवर काय शोधलंस तेही दिसतं. गूगल मॅप्समधलं "लोकेशन शेअरिंग" त्यानं स्वतःच्या नावे चालू करून ठेवलेलं असू शकतं. शुक्रवारचा दवाखाना त्याला बहुतेक इथूनच कळला. मॅप्समध्ये तुझ्या फोटोच्या गोलावर बोट ठेवलंस की ती यादी दिसेल. इथेही फक्त बघायचं. आणि एक महत्त्वाची गोष्ट: तुझं हे जुनं खातं ऑफिसच्या कम्प्युटरवर किंवा मैत्रिणीच्या फोनवर उघडू नकोस. नव्या उपकरणावर लॉगिन झालं की गूगल सूचना पाठवतं, आणि ती तोही वाचतो.

बँकेचे ओटीपी त्याला माहीत असतात असं वाटत असेल तर गूगलच्या मेसेजेस ॲपमधलं "डिव्हाइस पेअरिंग"ही बघून घे. त्यातून एसएमएस दुसऱ्या कम्प्युटरवर दिसतात. फोनच्या सेटिंगमध्ये कुठल्या बोटांचे ठसे साठवले आहेत तेही बघ. त्यातलं एक बोट त्याचं असू शकतं. आणि फक्त तुझंच असलं, तरी झोपेत आपलं बोट आपल्या ताब्यात नसतं.

चोरून पाळत ठेवणारं ॲप टाकलेलं असण्याची शक्यताही मी नाकारत नाही. अशा ॲपचं चित्र पडद्यावर दिसत नाही आणि नाव "सिस्टम सर्व्हिस"सारखं असतं. सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनच्या याद्यांत (फोनवर जास्तीचा ताबा दिलेली ॲप्स तिथे दिसतात) तू न टाकलेलं काही दिसलं, किंवा प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप्स शोधणारी सोय, कुणीतरी बंद करून ठेवलेलं सापडलं, तर शंका घ्यायला जागा आहे. तरी ते काढू नकोस, आणि फोन रिसेटही मारू नकोस. रिसेटनं पुरावा जातो, त्याला कळतं, आणि त्याच खात्यातून बॅकअप परत घेतलास तर जुना त्रास नव्यानं सुरू होतो. (आयफोन वापरणाऱ्या वाचकांसाठी: २०२२ पासून आयफोनमध्ये "सेफ्टी चेक" नावाची सोय आहे. आपलं काय काय कुणाला दिसतं ते तिथे एका जागी कळतं. पण तिथलाही बंद करायचा पर्याय दाबायची वेळ विचार करूनच ठरवायची.)

आता ज्या गोष्टीवर सहसा कुणी बोलत नाही ती. तुझं सिम कुणाच्या नावावर आहे?

आपल्याकडे कितीतरी बायकांचं सिम नवऱ्याच्या, सासऱ्यांच्या किंवा भावाच्या नावावर असतं. "मीच आणून देतो, कशाला रांगेत उभी राहतेस" एवढ्यावरच ते झालेलं असतं. पण नंबर ज्याच्या नावावर, तो मोबाईल कंपनीच्या दुकानात जाऊन "सिम हरवलं" म्हणाला की त्याच नंबरचं नवं सिम त्याला मिळतं. तुझ्या हातातलं बंद पडतं आणि बँकेचे, गूगलचे, व्हॉट्सॲपचे सगळे ओटीपी त्याच्या खिशात जातात. मग तू पासवर्ड कितीही कठीण ठेव. हेच आधारचं. आधारच्या नोंदीत मोबाईल नंबर त्याचा असेल, तर आधारचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो. म्हणून माझ्या यादीत पासवर्डच्या आधी सिम येतं: तुझ्या कागदपत्रांवर, तुझ्या नावानं घेतलेलं, त्याला माहीत नसलेलं.

ते सिम घरी आणायचं नाही. साधा कीपॅडचा फोन घे, रोख पैसे देऊन, आणि ऑफिसातल्या कुलपाच्या खणात किंवा मैत्रिणीकडे ठेव. त्याच नंबरावर मैत्रिणीच्या फोनवरून किंवा ऑफिसच्या कम्प्युटरवर एक नवं ईमेल उघड. त्यात तुझं खरं नाव नको, जन्मतारीख नको, लेकीचं नाव तर मुळीच नको. पासवर्ड म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घे, घरात कुणाच्या तोंडी नसलेले. रिचार्जही रोखीनं कर. यूपीआयनं केलास तर बँकेच्या नोंदीत दुकानाचं नाव आणि तारीख उमटते, आणि तुमचं खातं जोडखातं असेल तर ती त्यालाही दिसते. पगारासाठी दुसऱ्या बँकेत स्वतःच्या एकटीच्या नावानं खातं उघड. पासबुक, चेकबुक, कार्ड घरच्या पत्त्यावर मागवू नकोस.

तोवर दिवाळीतला फोन पूर्वीसारखाच चालू दे. बहिणीला सणावाराचं लिही, शाळेच्या ग्रुपवर बोल, नेहमीचे व्हिडिओ बघ. सगळी हिस्ट्री पुसून टाकू नकोस, रिकामी हिस्ट्रीच जास्त बोलते. खरं बोलणं फक्त त्या खणातल्या फोनवर. बहिणीलाही हे समोरासमोर सांग. ती काळजीनं "काय गं, परत मारलं का?" असं जुन्या नंबरवर लिहून बसेल.

लेकीला यात ओढू नकोस. बाबांपासून काही लपवायला तिला सांगू नकोस. आठ-नऊ वर्षांच्या पोरीवर ते ओझं फार होतं, आणि ती कधीतरी सहज बोलून जाईल. तिच्या अभ्यासाचा टॅब बाबांच्या खात्यावर चालत असेल तर त्यावर तू काहीच शोधू नकोस. घरच्या टीव्हीवर तुझं यूट्यूब खातं असेल, तर मोबाईलवर शोधलेलं टीव्हीवर सुचायला लागतं, हेही लक्षात ठेव.

आईबद्दल. तिच्यावर रागावू नकोस. तिला एकदा विचार, तिच्या सासरी माहेरचं आंतरदेशीय पत्र आलं की ते आधी कोण फोडायचं? फोडून वाचून मग हातात मिळायचं का? ज्या बायकांनी हे सोसलंय त्यांना तुझी गोष्ट एका क्षणात कळते. नवऱ्यानं एखादा मेसेज वाचला, हे तुझं गाऱ्हाणं नाहीच. तू कुठे गेलीस, कुणाला काय लिहिलंस, कुठल्या डॉक्टरांकडे गेलीस याचा हिशेब मागितला जातो आणि तो दिला नाही तर मार बसतो, हे तुझं गाऱ्हाणं आहे. आणि "लपवण्यासारखं काय आहे" या त्याच्या प्रश्नाला तू उत्तर देणं लागत नाहीस. घरात शांतता राहावी म्हणून सध्या गप्प राहिलीस तरी चालेल, पण तो प्रश्न बरोबर आहे असं मनात धरू नकोस.

पुरावा जमवायला आजपासून लाग, पण घराबाहेर. एका साध्या वहीत तारीख, वेळ, काय झालं, कोण समोर होतं, एवढंच लिही. वही मैत्रिणीकडे राहू दे. धमकीचे मेसेज पुढे पाठवू नकोस, मैत्रिणीच्या फोननं त्यांचे फोटो काढ, पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख दिसेल असे. मूळ मेसेज पुसू नकोस, कोर्टात मूळ फोन लागू शकतो. पुन्हा हात उचलला गेला तर सरकारी दवाखान्यात जा आणि "पडले" म्हणू नकोस. कुणी मारलं ते सांग आणि ते कागदावर लिहून घ्यायला सांग. एक सावधगिरी आणखी: जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घटस्फोटाच्या एका प्रकरणात जोडीदाराचं चोरून रेकॉर्ड केलेलं संभाषणही पुरावा म्हणून घेता येईल असा निकाल दिला. याचा उपयोग तुलाही आहे आणि त्यालाही. तो तुला चिडवून रेकॉर्ड करत असेल असं धरूनच बोल.

कायदा तुझ्या बाजूनं आहे, आणि तो नेमका कुठे आहे ते तुला माहीत असलं पाहिजे, कारण चौकीत कुणीतरी "घरातलं भांडण आहे, ताई" म्हणेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये बाईच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर नजर ठेवणं हा पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरला तरी तीन वर्षांपर्यंत कैद. त्यात "कोणताही पुरुष" असं लिहिलंय, नवऱ्याला वगळलेलं नाही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमात येतं. पण तुझ्यासाठी सगळ्यात कामाचा कायदा मला वाटतो तो २००५ चा, कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा. त्याखाली दंडाधिकारी असा आदेश देऊ शकतात की त्यानं तुझ्याशी प्रत्यक्ष, फोनवर किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गानं संपर्क साधायचा नाही. घर त्याच्या नावावर असलं तरी त्या घरात राहायचा तुझा हक्क हा कायदा मान्य करतो. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घटस्फोट घ्यायचा की नाही हे तू आज ठरवायची गरज नाही. त्याशिवायही हा अर्ज करता येतो.

यासाठी एकटीनं कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी अर्जाला मदत करतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. त्यांचा नंबर १५१००. आणि महाराष्ट्रात पोलिसांच्या कार्यालयात बसणारे "महिला व मुलांसाठी विशेष कक्ष" आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात पहिला कक्ष सुरू केला, मग ते इतर जिल्ह्यांत पोचले. तिथे खाकीतला माणूस समोर नसतो, प्रशिक्षित समाजसेविका असते आणि ती आधी ऐकून घेते. महिलांची हेल्पलाइन १८१. हे सगळे फोन खणातल्या फोनवरून कर. मात्र जिवावर बेतलं तर समोर असेल त्या फोनवरून ११२ लाव, कॉल हिस्ट्रीचा विचार करू नकोस.

तू लिहिलेलं नाहीस, पण अशा पत्रांमागे कधी कधी आणखी एक भीती असते: त्याच्याकडे असलेल्या खासगी फोटोंची. तुझ्या संमतीनं काढलेला असला, तरी असा फोटो तुझ्या संमतीशिवाय दुसऱ्याला दाखवणं हाही गुन्हाच आहे. समाजसेविकेला तेही सांग, लाजू नकोस. त्यांनी हे खूप ऐकलेलं असतं.

मग पासवर्ड कधी बदलायचे? समाजसेविका किंवा वकील यांच्याशी बोलून दिवस ठरेल तेव्हा, तू आणि लेक सुरक्षित जागी पोचल्यावर. मुळची कागदपत्रं, लेकीचा जन्मदाखला, तुझ्या औषधांची चिठ्ठी आधीच एकेक करून बाहेर गेलेली हवीत. निघताना घरची गाडी घेऊ नकोस. टोलनाक्यावर फास्टॅगचे पैसे कापले की नाक्याच्या नावासकट मेसेज त्याच्या मोबाईलवर जातो. स्कूटर नेणार असशील तर सीटखालचा डबा आणि चाकांजवळची जागा हात फिरवून बघ, बटणाएवढे ट्रॅकर मिळतात हल्ली. त्यापेक्षा एसटी बरी, अर्ध्या तिकिटात, रोखीनं. जुना फोन निघतानाच बंद कर, कारण तो चालू असेल तिथे तू आहेस हे त्याला कळेल.

पोचल्यावर दुसऱ्या फोनवरून आधी गूगल: पासवर्ड, परत मिळवायचा नंबर आणि ईमेल बदल, मग बाकी सगळ्या उपकरणांवरून खातं बंद कर. कदाचित एखादा कोड जुन्या नंबरवर येईल, त्यासाठी जुनं सिम जवळ असू दे, आणि समाजसेविका शेजारी असताना हे कर. त्यानंतर व्हॉट्सॲप नव्या नंबरवर सुरू कर आणि त्याला सहा आकड्यांचा टू-स्टेप पिन लाव. मग बँक, यूपीआय, आणि शेवटी जेवण मागवायची आणि खरेदीची ॲप्स, कारण त्यांत नवा पत्ता राहतो. तेवढ्यात लेकीच्या शाळेलाही सांग की पत्ता कुणाला देऊ नका.

आता लगेच करायचं एवढंच: सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीच्या फोनवरून १८१ लाव आणि तुझ्या जिल्ह्यातला विशेष कक्ष कुठे बसतो ते विचार. नवं सिम त्याच आठवड्यात. मला परत लिहिशील तेव्हा मैत्रिणीच्याच फोनवरून लिही, आणि तिला सांग, ते पाठवून झालं की पुसून टाक.

– तुझी ताई